अनुभव धागा : एक 'लाइन', तुम्हाला कुठं कुठं भेटली?

सुरुवात माझ्यापासून. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवत होते. फळ्यावर लिहिलं, 'राइट फाइव्ह लाइन्स ऑन द काऊ'. एका पोरानं सुंदर गाय काढली आणि तिच्या अंगावर पट्टी धरून पाच रेघा ओढल्या. आदल्याच दिवशी मी त्याला 'ड्रॉ अ लाइन' शिकवलं होतं! आपल्याकडं ओळ वेगळी, रेघ वेगळी, रांग वेगळी. पोरानं शिकवलेलंच केलं. पैकीच्या पैकी गुण दिले. आता तुम्ही लिहा.

उद्यमबाग (बेळगावची औद्योगिक वसाहत) : मशीन शॉपमध्ये नवीन होतो. परदेशी गिऱ्हाइकाचा मेल आला : या पार्टमध्ये 'डाउन द लाइन' बदल लागतील. मला वाटलं, आमच्या लाइनवर पुढच्या मशीनला काहीतरी बिघडलंय. लाइन थांबवली, अख्खी पाळी गेज घेऊन एकेक पार्ट तपासला. संध्याकाळी साहेबांनी समजावलं, 'अरे, म्हणजे पुढंमागं कधीतरी.' रागावले नाहीत, हे आजही आठवतं. तेव्हापासून वाक्य पुरतं वाचल्याशिवाय मी मशीनला हात लावत नाही.

निपाणी : आमच्याकडं लाइन म्हणजे रेशनची. दुसरा अर्थ लागलाच नाही कधी.

शहापूर : आमचं घर विणकरांचं, मी ब्लाउज शिवते. मुलीनं कॉलेजातून येऊन सांगितलं, 'लाइन' लॅटिन 'लिनिया'वरून आला. मूळ अर्थ जवसाच्या झाडाच्या तंतूंचा दोरा. लिनन कापड त्याचंच. पूर्वी कपड्याला आतून लिनन लावायचे, म्हणून अस्तराला लाइनिंग. चाळीस वर्षं लाइनिंग कापतेय, जवसाची चटणी तर रोज ताटात. दोन्हींचं नातं ऐकून हातातली कात्री थांबली बघा.

उचगाव : आजीचं माहेर चंदगड तालुक्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला. नातीनं नकाशावर बोट ठेवून 'स्टेट लाइन' दाखवली, तर आजी म्हणाली, 'रेघ कसली गं, तिथं आमचं काजूचं रान हाय की.' मी ते नातीच्या वहीत, नकाशाखाली, तसंच लिहून ठेवलंय.