शाडूच्या मूर्तींसाठी पावसाळाभर टिकेल अशी स्वस्त शेड कशी करायची?

भांडुपकर:
नमस्कार मंडळी. आमचा शाडूच्या गणपतींचा छोटा कारखाना आहे, बाबा आणि मी मिळून वर्षाला दीडशेच्या आसपास मूर्ती करतो. आजवर काकांच्या गाळ्यात काम चालायचं, तो गाळा आता भाड्याने गेला त्यामुळे यंदा चाळीच्या अंगणातच 12 बाय 20 फुटांची शेड टाकायची आहे. कमिटीने होकार दिलाय पण अट एकच, लादीला एकही भोक पाडायचं नाही. 2026 ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती 14 सप्टेंबरला आहेत म्हणजे जवळजवळ अख्खा पावसाळा त्या शेडखाली काढायचा. फॅब्रिकेशनवाल्याने अँगल आणि पत्र्याचे 85 हजार सांगितले, माझ्याकडे 30 च्या वर नाहीत. ऑनलाइन घडीचे तंबू मिळतात पाइप आणि कापडाचे, ते चालतील का? बाबांना रात्र रात्र झोप नाही, ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा.

मांडववाला परळ:
भाऊ तो घडीचा तंबू घेऊ नका, तो उन्हासाठी आणि एखाद्या सरीसाठी ठीक. त्याच्या कापडाला मधे झोळ पडतो आणि पाणी साचायला लागतं, तुमच्या 12 बाय 20 वर नुसतं एक इंच पाणी साचलं तरी साडेपाचशे किलोच्या वर वजन होतं, ते पाइप बसलेच समजा, आणि खाली तुमच्या मूर्ती.

बांबू भाड्याने घ्या. विकत घेऊन सप्टेंबरनंतर ठेवणार कुठे? चार महिन्यांचं भाडं आणि बांधणी-सोडणी धरून 15 ते 18 हजारात बसायला हवं, फक्त मेच्या सुरुवातीलाच ठरवून टाका, नंतर माणसं मिळत नाहीत. एक बाजू 11 फूट दुसरी 8 फूट, म्हणजे बारा फुटाला तीन फुटांचा उतार, एवढा हवाच. वासे दोन-दोन फुटांवर टाकायला सांगा, जास्त अंतर ठेवलं की तिथेच झोळ येतो. बांधणी काथ्याचीच, नायलॉन बांबूवरून सरकतो.

ताडपत्री मात्र भाड्याची नको, तिला बारीक भोकं असतात आणि ती पहिल्या मोठ्या पावसातच कळतात. मस्जिद बंदर किंवा लोहार चाळीत जाऊन नवी घ्या, 250 जीएसएमची (चौरस मीटरला 250 ग्रॅम वजनाची), 18 बाय 24 फुटांची, म्हणजे चारी बाजूंनी बाहेर येईल. आणि अंगण चाळीचं असलं तरी कमिटीचं पत्र घेऊन वॉर्ड ऑफिसला तात्पुरत्या शेडच्या परवानगीचं विचारून या.

लालबागची ताई:
दादा, ताडपत्री निळी घेऊ नका हो!! मी पंधरा वर्षं रंगकाम आणि डोळ्यांची आखणी करते. निळ्या ताडपत्रीखाली सगळा उजेड निळसर होतो, अंगाचा रंग तिथे बरोबर वाटतो आणि मूर्ती बाहेर काढली की वेगळाच दिसतो. आमच्या एका वर्षीच्या तीस मूर्ती परत रंगवाव्या लागल्या. पांढरी, दुधी घ्या.

दुसरं, सगळे वर बघतात आणि पाणी खालून येतं. शाडू ही कच्ची माती, पाट ओला झाला की ती खालून ओल ओढते आणि मूर्ती बसते. जमिनीपासून फूटभर वर फळ्यांचं मचाण करा. चारी बाजू बंद करून टाकू नका, माती सुकायला वारा लागतो. पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून असतो तर बुटकी बाजू तिकडे ठेवून तेवढीच बंद करा, पूर्वेची उंच बाजू मोकळी. सुकवायला हॅलोजन लावणार असाल तर ताडपत्रीपासून आणि बांबूपासून लांब, आणि लाइनला 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) बसवूनच घ्या, ओल्या हातांनी काम असतं आपलं.

सिव्हिलवाला ठाणे:
वरचं सगळं पटलं पण भोक पाडायचं नाही म्हणताय तर शेड धरून कोण ठेवणार? ती खाली बसण्यापेक्षा उडण्याची भीती जास्त. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी मुंबईत ताशी शंभर किमीच्या वर झोत आले होते. त्या वेगाला ढोबळ हिशोबाने दर चौरस मीटरला 47 किलोचा दाब येतो, तुमची शेड 22 चौरस मीटरची, म्हणजे एक टनाच्या आसपास उचल. लोक तेलाच्या डब्यात काँक्रीट भरून त्यात बांबू उभा करतात, तो डबा भरतो 35-40 किलोचा, असे आठ ठेवलेत तरी तीनशे किलोच. त्यापेक्षा 200 लिटरचे ड्रम पाण्याने भरा, चार कोपऱ्यांत आणि लांब बाजूंच्या मधे एकेक, सहा ड्रम म्हणजे 1200 किलो. जुने ड्रम भंगारवाल्याकडे मिळतात. खांब त्यांना खाली आणि वर दोन्हीकडे बांधा, कोपऱ्यांना तिरके बांबू टाका. चाळीच्या कठड्याला दोरी बांधू नका. आणि वादळाचा इशारा आला तर ताडपत्री सोडून मूर्तींवर घट्ट गुंडाळा, सांगाडा मोकळा राहिला की त्याला वारा धरत नाही.

भांडुपकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. निळ्या उजेडाचं ऐकून ते म्हणाले ही बाई खरी कामातली. ताई, मचाणाला नव्या फळ्या परवडणार नाहीत, लाकडी पॅलेट जोडून वर प्लाय टाकला तर दीड फुटी मूर्तींचं वजन पेलेल का? आणि ड्रमच्या पाण्यात डास होतील म्हणून तोंडं झाकणाने बंद करून घेतो, रविवारी कमिटीला जागा आखून दाखवायची आहे.

लालबागची ताई:
पेलेल, फक्त पॅलेटखाली विटा ठेवा आणि प्लाय हलतोय का ते आधी स्वतः वर उभं राहून बघा, मगच मूर्ती ठेवा.