मदत हवी आहे : पावसात ५० किमी, तळव्यांचं काय करू?

मी भुसावळचा. ४४ अंशांत पळायची सवय आहे, पावसाची नाही. पुढच्या महिन्यात सह्याद्रीत डोंगरवाटेची ५० किमी शर्यत आहे, कटऑफ (शर्यत पूर्ण करायची मुदत) १० तास. सरावाला गेल्या रविवारी पाल गावाच्या बाजूला सातपुड्यात ३२ किमी केले. पाच तास धो धो पाऊस. शेताकडेच्या काळ्या मातीचे गोळे बुटाला चिकटायचे, काडीने खरवडत बसलो. २० किमीनंतर तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले, टाचेखाली कातडीची घडी. फोड नाहीत, पण प्रत्येक पाऊल खड्यांवर पडल्यासारखं.

व्हॅसलीन तासाभरात धुऊन गेलं. दोन मोज्यांनी आणखी वाईट. पाच बोटांच्या मोज्यांनी बोटं वाचली, तळवा नाही. वॉटरप्रूफ बूट कृपया सुचवू नका, एकदा पाणी आत गेलं की त्याची बादली होते.

शर्यतीत माझी बॅग फक्त २८ किमीला मिळेल. तिथे पाय कोरडे करून झिंक ऑक्साइडचं मलम, नवे मोजे, यात दहाएक मिनिटं जातील, आणि पुढच्याच ओढ्यात पुन्हा भिजणार. जे पावसात सहा-सात तासांच्या वर पळलेत त्यांनी सांगा: ती दहा मिनिटं वसूल होतात का, की सुरुवातीलाच मलमाचा जाड थर लावून न थांबता पळावं?