गिओनचे बोळ बंद केले ते योग्यच झालं

रानवारा
जपानमधल्या क्योतोच्या गिओन या गेइशांच्या, म्हणजे नाच-गाण्याच्या कलावंत बायकांच्या, जुन्या वस्तीतल्या रहिवाशांनी २०२४ साली आपले खाजगी बोळ पर्यटकांना बंद केले. आत शिरलात तर १०,००० येन दंड, अशा पाट्या लागल्या. आमच्या प्रवासाच्या ग्रुपवर त्यावरून बरीच चिडचिड झाली. एवढा खर्च करून जायचं आणि बोळाच्या तोंडाशीच मागे फिरायचं का, असा सूर होता. मला मात्र रहिवाशांचं पटतं.

त्याच्या आदल्या वर्षी मी हानामिकोजीवर संध्याकाळी साडेपाचला उभा होतो. (हा मोठा रस्ता सार्वजनिक आहे, आजही खुला आहे.) एका लाकडी घराचं दार सरकलं आणि एक माइको बाहेर आली. माइको म्हणजे शिकाऊ गेइको. क्योतोत गेइशाला गेइकोच म्हणतात. पायात ओकोबो, म्हणजे उंच लाकडी जोडे, चालताना त्यातली घंटी किणकिणत होती. पाठीवरून घोट्यापर्यंत लोंबणारा ओबी, म्हणजे किमोनोवरचा कमरपट्टा, त्याच्या खालच्या टोकाला तिच्या ओकियाचं, म्हणजे ती जिथे राहते-शिकते त्या घराचं चिन्ह. मानेला पांढरा रंग, पण मधे दोन निमुळते पट्टे कातडीचे तसेच सोडलेले. एवढं दिसेपर्यंत वीसेक माणसं मोबाइल उगारून तिच्यासमोर उलटी चालायला लागली. एकाने बाही धरली. ती थांबली नाही, बोलली नाही, फक्त घंटीचा आवाज भरभर यायला लागला. बाई कामावर निघाली होती हो! आपल्याकडे मेकअप करून नाट्यगृहात शिरणाऱ्या नर्तकीचा पदर कुणी ओढला असता तर आपण गप्प बसलो असतो का?

ज्यांना नाच बघायचाय त्यांच्यासाठी मियाको ओदोरी आहे. राजधानी तोक्योला गेली, क्योतोची रया जाईल अशी धास्ती वाटली, म्हणून तिथे प्रदर्शनं भरवायला लागले. १८७२ च्या प्रदर्शनात बैठकीतला हा नाच पहिल्यांदा मंचावर आला. आजही दर एप्रिलला होतो, तिकीट काढून कुणीही बघावा.

ओसाकाकर
नऊ वर्षं जपानात आहे, आणि मला हे मान्य नाही. बाही ओढणाऱ्याला जरूर धरा. पण त्याच्या पापाची पाटी सगळ्यांच्या तोंडावर का? एप्रिलमध्ये सगळ्यांना रजा मिळते थोडीच.

एरवी ओचायाचं, म्हणजे जिथे बैठक होते त्या घराचं दार ओळखीशिवाय उघडत नाही. अनोळखी पाहुणा घ्यायचा नाही ही जुनी रीत. त्यामागे व्यवहार आहे: जेवण बाहेरून मागवायचं, गेइकोंचे पैसे, परतीची गाडी, सगळं ओचाया आधी आपल्या खिशातून भरणार आणि बिल नंतर पाठवणार. उधारी म्हटली की ओळख आलीच. पण जुनी गिऱ्हाइकं थकत चालली आहेत. नव्या माणसाला गोडी लागणार कुठून?

कामिशिचिकेन बघा, कितानो तेन्मान्गू देवळाजवळची वस्ती. गिओनसारखीच क्योतोतली जुनी गेइको वस्ती. उन्हाळ्यात तिथे नाचाच्या थिएटरच्या बागेत बिअर गार्डन असतं. युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो घातलेल्या गेइको-माइको टेबलाशी येऊन गप्पा मारतात. आईला घेऊन गेलो होतो. तिने नुसते एदामामे, म्हणजे उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा खाल्ल्या, आणि माइकोने तिच्या हिरव्या बांगड्यांवर बोट ठेवून विचारलं, या रोज घालता? आई अजून ते सांगते. वशिला लागला नाही आणि कुणी कुणाला ओढलंही नाही. पाट्यांपेक्षा असं काहीतरी वाढवा.

रानवारा
बिअर गार्डनला माझा विरोध नाहीच. तिथे त्या बोलायला म्हणून येतात. बोळात त्यांची घरं आहेत.

मोगरा
तुम्ही दोघं पाहुण्याचंच बोलताय. माइकोचं वय किती असतं? नववी झाली की, साधारण पंधराव्या वर्षी, मुली ओकियात येतात. २०२२ मध्ये एका माजी माइकोने समाजमाध्यमावर जाहीरपणे लिहिलं, की सोळाव्या वर्षी तिला दारू पाजली गेली, लगट सहन करावी लागली. तेव्हा जपानभर खळबळ झाली. गर्दी आवरली म्हणजे सगळं आलबेल झालं का? फडावरच्या बायकांच्या लावणीला आपणही टाळ्या दिल्या आणि त्यांच्या आयुष्याकडे पाठ फिरवली. तीच चूक परक्या देशात जाऊन कशाला करायची?

कंदील
मोगराताई, प्रश्न रास्त आहे, पण म्हणून कलेकडे पाठ फिरवू नका. मी क्योतो सोडून कानाझावा शहरात गेले, तिथल्या हिगाशी चाया या जुन्या गेइशा वस्तीत. तिथलं शिमा हे १८२० चं ओचाया आता आत जाऊन बघता येतं. वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांच्या खोल्यांत कपाटं नाहीत, मधे आडोसे नाहीत. घर बांधतानाच नाचाला जागा ठेवलेली. शामिसेन हे तंतुवाद्य वाजवायची बाची हातात घेतली तर दोन बोटांत मावेल असं वाटलं होतं. ती झाडाच्या पानासारखी पसरट आणि चांगली जड निघाली. तीन तारा आणि हे एवढं पातं! बैठकीची लावणी जवळून ऐकलेल्याला ती खोली लगेच कळते: ऐकणारा हाताच्या अंतरावर, चुकीला लपायला जागा नाही. आधी हे बघा, मग मुलींना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल भांडा. मी भांडायला तुमच्या बाजूने आहे.

मोगरा
भांडायचं तर एवढं सांगा, शिकण्याच्या काळात त्या मुलींना पगार असतो का?

ओसाकाकर
नसतो. राहणं, जेवण, किमोनो, नाच-गाण्याची शिकवणी हे ओकिया बघते, हातखर्चाला थोडे पैसे देते. बैठकीचे पैसे ओकियाकडे जातात. गेइको होऊन पुढे स्वतंत्र झाल्यावर कमाई तिची, आणि किमोनोचा खर्चही तिचाच. तुमचा मुद्दा मी खोडत नाही, ताई. गल्लीबंदीवरचं माझं मत मात्र तेच आहे.

रानवारा
पगाराचं मला खरंच माहीत नव्हतं. पुढच्या एप्रिलची तिकिटं काढायच्या विचारात होतो, ती काढेनच. पण पंधरा वर्षांच्या मुलीला रात्री बैठकीत बसवायचं का, यावर मोगराताईंनी वेगळा धागा काढावा. मी येईन तिथे.