जुन्या घराचं लाकूड उतरवलंय, कुठलं झाड कुठलं ते कसं ओळखायचं?

पडवीवाला:
नमस्कार मंडळी. लांजा तालुक्यातलं आमचं आजोबांच्या वेळचं कौलारू घर उतरवलंय, तुळया, खांब, वासे सगळं अंगणात ताडपत्रीखाली रचलंय. घरात कायम ऐकलंय की सगळं सागाचं आहे, पण जुनं सामान घेणारा आला तो म्हणतो साग नावालाच, बाकी जंगली लाकूड, आणि सरसकट एकच भाव बोलून मोकळा झाला. काय विकायचं काय ठेवायचं ते ठरवायचंय म्हणून विचारतोय. चुलीच्या धुराने सगळं काळं पडलंय, त्यात काजूच्या टरफलांचं तेल फासलेलं, त्यामुळे वरून काहीच कळत नाही. माजघराच्या तुळईचा कोपरा तासला तर आत पिवळट तांबूस, आणि जड म्हणजे चौघांना उचलवत नाही. दुसरी एक तुळई चॉकलेटी, काळसर पट्टे असलेली. ओटीचे दोन खांब सोनेरी. माळ्याच्या फळ्या वरून लाल तपकिरी, आतून पिवळ्या. गोठ्याच्या वाशांवर अजून साल आहे, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी चौकोनी फुटलेली. फोटो टाकलेत.

रंधा_पटाशी:
गोठ्याचे वासे ऐन वाटतात, तशी मगरीच्या पाठीसारखी साल ही ऐनाची ओळख. काळे पट्टेवाली तुळई पण ऐनच असणार. आणि कोकणातलं जुनं घर एकाच लाकडाचं कधीच नसतं हो, जे जवळच्या रानात मिळालं ते लावलं, साग असला तर चौकटीला आणि पुढच्या खांबांना, तुळयांना ऐन किंजळ. खांबावर रंधा मारा, हात किंचित तेलकट झाला आणि चामड्यासारखा वास आला की साग. माळ्याच्या फळ्या फणस, तो ताजा तासला की पिवळाधमक आणि उजेडात राहून राहून लाल तपकिरी होतो. पिवळी तांबूस तुळई पण मला फोटोवरून फणसच वाटतेय.

घाटपायथा:
सालीवरून ओळखणं सगळ्यात सोपं, पण घरात साल उरते कुठे, आणि कोवळ्या झाडाची साल म्हाताऱ्या झाडासारखी नसते हेही लक्षात ठेवा. उभं झाड असेल तर गोष्ट वेगळी, नाण्याचं खोड पांढरट गुळगुळीत आणि त्याचे पापुद्रे निघतात, खैराच्या सालीच्या लांब पट्ट्या सुटतात, बिवळ्याला कोयता मारला की लाल चीक येतो.
तासलेल्या लाकडाचा रंग सगळ्यात फसवा. तुम्ही फळीची बाजू बघताय, बघायचं असतं करवतीने आडवं कापलेलं तोंड. करवतीचे ओरखडे राहिले तर काही दिसत नाही, म्हणून नव्या कटर ब्लेडने पातळ काप काढून तेवढी जागा साफ करा, ओलं बोट फिरवा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. सागात प्रत्येक वर्षाच्या कड्याच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते, मग छिद्रं बारीक होत जातात. ऐनात तशी ओळ नाही, छिद्रं सगळीकडे विखुरलेली आणि प्रत्येकाभोवती फिकट रंगाची कड. हेदू असेल तर नुसत्या डोळ्यांना छिद्रंच दिसत नाहीत, इतकं बारीक काम.
पिवळ्या तांबूस तुळईबद्दल मी फणस म्हणणार नाही, फणस एवढा जड नसतो. बिवळा असावा.

ठाणेकर_बाल्कनी:
एवढं कशाला, हातात घेतलं की कळतं. जड तो ऐन, मध्यम तो साग, हलका तो शिवण. आमचे काका असंच सांगायचे.

घाटपायथा:
काकांचा हात पन्नास वर्षं लाकडात होता म्हणून त्यांना जमायचं. आपण वजनकाट्यावर करू. सुका तुकडा हवा, पावसात भिजलेला नको. समजा १० बाय ५ बाय ४ सेंमीचा ठोकळा कापला, म्हणजे २०० घनसेंमी, आणि वजन भरलं १३० ग्रॅम, तर घनसेंमीला ०.६५ ग्रॅम, ते सागाच्या आसपास. शिवण ०.५ च्या जवळ, बिवळा ०.८, ऐन त्याहून थोडा वर, खैर जवळपास १. पण ऐन, किंजळ आणि बिवळा एवढे जवळजवळ आहेत की नुसत्या वजनाने निकाल लागत नाही.
बिवळ्यासाठी सोपी टेस्ट आहे. आतल्या गाभ्याचा भुसा काढा, बाहेरचं पांढरं लाकूड नको, काचेच्या ग्लासात साध्या पाण्यात तासभर ठेवा आणि उन्हात काळ्या कापडासमोर धरा. फणसाचा भुसाही पाणी पिवळं करतो म्हणून पिवळ्यावर जाऊ नका, कडेला निळी झाक येते का तेवढंच बघा.

पडवीवाला:
आली!! पाणी चहासारखं झालंय आणि ग्लास तिरका केला की कडेला निळं चमकतं, शेजारचे पण बघून गेले. माळ्याच्या फळीचा भुसा दुसऱ्या ग्लासात टाकला होता, तो नुसता पिवळा. तुळईच्या ठोकळ्याचं वजन २०० घनसेंमीला १६२ ग्रॅम.

रंधा_पटाशी:
मग बिवळा, मान्य. फोटोवर बोलायलाच नको. दुर्मिळ झालाय तो आता, सामानवाल्याला त्या भावात देऊ नका.

ठाणेकर_बाल्कनी:
बिवळा म्हणजे ज्याचे ग्लास मिळतात शुगरवाल्यांना तोच ना? मग ते पाणी फेकू नका, प्या 😀

घाटपायथा:
अजिबात नको. त्या तुळईवर काजूतेल, धूर आणि वाळवीचं काय काय औषध मारलंय कोणाला माहीत. काजूच्या टरफलाच्या तेलाने अंगावर फोड येतात, तासताना पण हातमोजे आणि मास्क घाला. आणि शुगरचं काय ते डॉक्टरांना विचारा.

पडवीवाला:
पाणी ओतलं, मोजे आणतो. एक राहिलं, ऐन आणि किंजळ वेगळे कसे करायचे? मागच्या पडवीच्या तुळया करड्या तपकिरी आहेत, पट्टे नाहीत, साल नाही.

घाटपायथा:
करडा रंग आणि पट्टे नाहीत म्हणजे किंजळीकडे झुकतंय, पण दोन्ही एकाच कुळातले, भिंगाखाली सख्खे भाऊ, मी पैजेवर सांगणार नाही. अगदी लेखी हवं असेल तर बंगळुरूची लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था किंवा डेहराडूनची वन संशोधन संस्था नमुना तपासतात. पण पडवीला परत तुळई म्हणूनच वापरणार असाल तर दोन्ही मजबूत, वाळवीने किती खाल्लंय ते पटाशी ठोकून आधी बघा, मग नावाचं बघू.