जोडीचा हेक्साग्राम वाचायचा की फक्त बदललेला?

रानवारा: यी चिंग या जुन्या चिनी शकुनग्रंथाचा कौल घेताना बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात, नाणी टाकून जो हेक्साग्राम (सहा अखंड किंवा तुटक्या रेघांची आकृती) पडला तो, आणि त्यातल्या ज्या रेघा 'बदलत्या' येतात त्या अखंडच्या तुटक्या, तुटकीच्या अखंड केल्यावर जो तयार होतो तो. मला हे अर्धवट वाटतं. 64 हेक्साग्राम जोडीजोडीने लावलेत, 32 जोड्या, त्यातल्या 28 मध्ये पहिला डोक्यावर उभा केला की दुसरा मिळतो. उरलेल्या चार जोड्यांतले आठ हेक्साग्राम उलटे केले तरी तसेच दिसतात, म्हणून तिथे अखंड रेघेच्या जागी तुटकी आणि तुटकीच्या जागी अखंड. चीनच्या थांग काळातल्या खुंग यिंगता या टीकाकाराने हा नियम स्पष्ट लिहून ठेवलाय. मग 41 वा 'घट' पडला तर 42 वा 'वाढ' न बघता उत्तर कसं वाचणार?

जुनीवही: नाही पटत. च्वो च्वान या जुन्या चिनी इतिहासात इ.स.पू. 672 च्या नोंदीत छन राजघराण्यातल्या एका मुलाचा कौल दिलाय. क्वान हा हेक्साग्राम पडला, चौथी रेघ बदलून त्याचा फी हा हेक्साग्राम झाला, आणि कौल सांगणाऱ्याने त्यावरून सांगितलं की याच्या वंशाची भरभराट परक्या राज्यात होईल. क्वानची जोडी लिन, पण तिचं नावसुद्धा काढलं नाही त्याने! आणि 1973 मध्ये चीनमधल्या मावांगतुईच्या थडग्यात यी चिंगची रेशमावरची प्रत सापडली, थडगं इ.स.पू. 168 चं, तिथे क्रम वरच्या तीन रेघांप्रमाणे लावलाय, सगळ्या जोड्या फुटलेल्या. मग जोडी मूळची कशी म्हणायची?

रानवारा: क्रम सोडा हो, मजकूर बघा. 41 ची खालून पाचवी रेघ उलटल्यावर 42 ची दुसरी होते. दोन्हीकडे तेच वाक्य आहे, कोणीतरी मोलाचं कासव देईल आणि नाही म्हणता येणार नाही. 43 ची चौथी आणि 44 ची तिसरी घ्या, दोन्हीकडे ढुंगणाची कातडी गेलीय आणि चालणं अवघड झालंय. 63 ची तिसरी, 64 ची चौथी, दोन्हीकडे क्वेईफांग या लोकांवर स्वारी. तीन ठिकाणी, बरोब्बर उलटून जिथे यायला हवी त्याच रेघेवर! हा योगायोग मी मानणार नाही, ज्यांनी या ओळी रचल्या त्यांच्या डोळ्यांसमोर जोडी होतीच.

आतलीरेघ: मधल्या रेघांचं कोणीच बोलत नाहीये. दोन-तीन-चार खाली, तीन-चार-पाच वर, असा आतला हेक्साग्राम निघतो. जुनीवहीने दिलेल्या कौलातच डोंगराचा उल्लेख आहे, आणि क्वान किंवा फीच्या वरच्या किंवा खालच्या तीन रेघांत डोंगराची तीन रेघांची खूण कुठेच नाही, जुन्या टीकाकारांनी तो आतल्या रेघांतच दाखवलाय.

रानवारा: डोंगराचा मुद्दा चांगलाय, पण आतले हेक्साग्राम निघतात फक्त 16, म्हणजे चार-चार जणांच्या पोटात एकच. माझ्या प्रश्नाबद्दल त्यातून नेमकं काय कळणार?

जुनीवही: कासवाचं वाक्य दोन्हीकडे आहे हे मी पडताळलं, आहे, आणि माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. रचणाऱ्यांना जोडी माहीत होती एवढं मान्य. पण रचणं वेगळं आणि कौल सांगणं वेगळं. माणूस नोकरी सोडू का विचारतोय, त्याला 'घट' आलाय, तुम्ही शेजारचा 'वाढ' उघडून दिलासा दिलात तर जे पडलं ते तुम्ही पुसलंत. कासवाची रेघ बदलती आली असेल तर जोडी दाखवा, माझी हरकत नाही. न बदलता आला तर मी 41 वरच थांबणार.

रानवारा: दिलासा म्हणून नाही हो. घट कुठल्या बाजूने उलटू शकते ते त्याला दिसावं म्हणून.