कै., स्व. की वै.? न मानणाऱ्या माणसाच्या तेरवीची पत्रिका

पऱ्हाटी
बाबा मागच्या आठवड्यात गेले. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव, निम्मं माळकरी. बाबा देव मानत नव्हते आणि ते लपवतही नव्हते. तरी हरिनाम सप्ताहात काल्याच्या पंगतीला वरणाची बादली दरवर्षी त्यांच्याच हातात. तेरवी करू नका म्हणाले होते, पण आईसाठी आणि भावकीसाठी जेवण ठेवलंय. छापखान्यात गेलो तर मालक विचारतो, "कै. टाकू का स्व.? माळ होती काय? मंग वै. टाकतो." कैलास, स्वर्ग, वैकुंठ, यांपैकी कुठंही बाबा गेले नसणार. 'दिवंगत' लिहा सांगून आलो. रात्री चुलतभाऊ म्हणाला, दिवंगतचा अर्थ ठाऊक आहे का? योग्य शब्द कोणता, सांगा. उद्या दुपारपर्यंत कळवायचं आहे.

शाईदौत
चुलतभाऊ बरोबर आहेत. दिवं गत. दिव् म्हणजे आकाश, स्वर्ग. तुम्ही दारातून घालवलेला स्वर्ग खिडकीतून आत घेतलात. आणि 'स्व.' चा विस्तार लोक 'स्वर्गीय' करतात तेही चूक. स्वर्गीय असतं ते संगीत. माणूस स्वर्गवासी.

तिफण
अर्थ कोन पाह्यते जी? दिवंगत म्हन्लं का मानूस गेला, बस. सोमवार म्हनताना कोनी चंद्राकडं पाह्यते काय?

शाईदौत
सोमवार सगळ्यांचाच असतो. हा शब्द एकाच माणसाच्या नावाला चिकटणार आहे, आणि त्या माणसाचं याच गोष्टीशी भांडण होतं.

निळी पहाट
पऱ्हाटीभाऊ, वाईट वाटलं. आमच्या पत्रिकेवर 'कालकथित' असतं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही अशी एक आहे. विधी सुटला तसे शब्दही बदलावे लागले. तेरवीच्या जागी पुण्यानुमोदन आलं, कै. च्या जागी कालकथित. त्यात स्वर्ग नाही.

शाईदौत
कालकथित म्हणजे काय, काळानं सांगितलेला? पालीत 'कालं करोति' म्हणजे मरतो आणि 'कालकत' म्हणजे मेलेला. कुणीतरी 'कत'चं 'कथित' करून टाकलंय.

निळी पहाट
ठाऊक आहे, आमच्यातही कुणी कुणी 'कालकत'च लिहा म्हणतात. पण आजोबांपासून पत्रिकेवर हाच शब्द छापला जातोय. चुकीचा असेल, आता आमचा आहे.

पऱ्हाटी
कालकथित मला आवडला. आईला विचारलं. ती म्हणाली, "लोकं म्हनतीन बुढ्यानं जाता जाता धरम बदलला." तिचं चुकत नाही. पैगंबरवासी, ख्रिस्तवासी, लिंगैक्य, वैकुंठवासी: नावाआधीचा शब्द वाचला की घर कुणाचं ते कळतं. बाबांच्या घराचा शब्दच नाही.

जुनी सनद
आहे ना, तलाठ्याकडे. फेरफार काढून बघा: 'मयत खातेदार यांचे वारस'. कुठे गेला याची चौकशी नाही, सात-बारावरून गेला एवढंच. नोकरीत पस्तीस वर्षं हा शब्द लिहिला. ब्राह्मण, कुणबी, मुसलमान, सगळे मयतच. आणि गावात 'मयतीला जाऊन आलो' म्हणतोच की आपण.

शाईदौत
मयत अरबीतून आलाय. मराठीत मृत हा धडधाकट शब्द असताना? सावरकरांनी भाषाशुद्धीसाठी एवढा जन्म घालवला तो कशाला?

जुनी सनद
मृत हा शब्द धडधाकट! बरं. सावरकरांनीच माझ्यामागे श्राद्धबिद्ध करू नका म्हणून सांगून ठेवलं होतं. तेवढी शुद्धी कुणी घेत नाही.

तिफण
पत्रिकेवर 'मयत'? बाईमाणूस वाचन तं दचकन ना जी. थो पंचनाम्यातला शब्द हाय.

गोधडी
थोडं वेगळं विचारते. 'नास्तिक' हा शब्द तुमच्या बाबांना चालायचा का? आमच्या मामांना शिवीसारखा लागायचा.

पऱ्हाटी
घरात कुणी वापरलाच नाही. गाव म्हणायचं, "गुरुजी मानत नाहीत." काय मानत नाहीत ते सांगायची गरज नसायची. क्रियापद एकटंच पुरायचं.

गोधडी
हेच! देव मानणं, वडिलांना मानणं, मानपान, नवसाला मानता, सगळीकडे एकच 'मान'. म्हणून 'मानत नाही' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, देवाचा अपमान केला. देव आहे असं वाटत नाही, एवढंच सांगायचं तर साधं क्रियापद सापडत नाही.

शाईदौत
नास्तिक यात शिवी नाही. पाणिनीचं सूत्र आहे, 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः'. 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक. मनुस्मृतीनं 'नास्तिको वेदनिन्दकः' म्हणून त्याला वेदाच्या खुंट्याला बांधलं. त्या मापानं जैन आणि बौद्ध नास्तिक, आणि ईश्वराची गरज न वाटणारे मीमांसक मात्र आस्तिक, कारण ते वेद मानतात.

तिफण
म्हन्जे आमच्या गावातले अर्धे लोक आस्तिकबी नाहीत आन् नास्तिकबी नाहीत. वेद कोनं पाह्यले?

ज्वारीचं कणीस
सगळ्यांनी सोपा शब्द सोडला. 'वारले'. पत्रिकेत लिहा, 'आमचे वडील अमुक तारखेला वारले'. नावाआधी काही लावायचंच कशाला?

गोधडी
माझी आजी सांगायची, वारी पुरी करून गेला तो वारला.

पऱ्हाटी
म्हणजे इथंही विठोबा?

शाईदौत
आजींची व्युत्पत्ती गोड आहे, पण वारी आणि वारणे यांचा काही संबंध नाही.

ज्वारीचं कणीस
नाही कसा? दाखवा.

तिफण
आमचा आजा म्हने, वारा सुटून जाते तसा जीव जाते, म्हनून वारला.

शाईदौत
दोन्ही आजी-आजोबांना नमस्कार. कोश काढतो, थांबा.

पऱ्हाटी
छापखान्याचा फोन येऊन गेला. बाजाराचा दिवस आहे, चारला शटर ओढतो म्हणाला.

ज्वारीचं कणीस
शाईदौत, कोश सापडला का?