मदत हवी आहे: क्रोशेच्या सशांची घाऊक ऑर्डर आलीये, पण निम्म्या भावात मागताहेत

नमस्कार मंडळी,

मी क्रोशेची खेळणी करते, आमिगुरुमी म्हणतात तो जपानी प्रकार, गोल गोल विणत जायचं आणि आत फायबर भरायचं. ससे, हत्ती, कासवं असं काय काय. एका ऑनलाइन मार्केटप्लेसवर हातानं केलेल्या वस्तूंच्या विभागात माझं छोटं दुकान आहे, सुटे पीस बरे जातात, रिव्ह्यूही छान आहेत. आता झालंय असं की गिफ्ट शॉप चालवणाऱ्या एका बाईंचा मेसेज आलाय. त्यांना तीस ससे हवेत, सगळे एकाच रंगाचे, महिन्याभरात, आणि एवढी मोठी ऑर्डर देतेय तर भाव निम्मा लावा म्हणतात. शिवाय असंही म्हणाल्या की साईटवरून नको, मी परस्पर पैसे पाठवते, तुमचं कमिशन वाचेल.

मी अजून हो-नाही काहीच कळवलेलं नाही, कारण मला हिशोबच लागत नाहीये. एका सशाला साधारण आठ तास जातात. डोकं आणि धड भराभर होतं, मॅजिक रिंग (ओढून घट्ट करायची सुरुवातीची कडी) घालून सहा मुके खांब (क्रोशेचा साधा टाका), मग दर फेरीत सहा-सहा वाढवत जायचं, हाताला सवय झालीये, त्याला फार विचार लागत नाही. वेळ खातं ते जोडकाम. दोन्ही कान एका उंचीवर टाचण्या लावून बघायचे, लांबून बघायचं, परत काढायचे, कारण एक कान एखाद्या टाक्यानं जरी खाली गेला तरी सगळा चेहराच बदलतो, ससा रुसल्यासारखा दिसायला लागतो. मग डोळे, नाक, दोऱ्याची टोकं आत लपवणं. म्हणजे तीस सशांना दोनशे चाळीस तास, महिनाभर रोज आठ तास, आणि त्यात सुटी नाही, दुसरी कुठली ऑर्डर नाही.

घाऊकमध्ये भाव कमी होतो हे मलाही माहितीये, पण तो का कमी होतो? कारखान्यात एकदा साचा बनला की पुढचा नग स्वस्त पडतो. माझ्या तिसाव्या सशाला पहिल्याइतकाच वेळ लागणारे, थोडाफार हात बसेल तेवढंच. लोकर एकदम घेतली तर जरा स्वस्त मिळेल, पण लोकरीचा खर्च हा एकूण किमतीत छोटाच भाग असतो, मोठा भाग तासांचा. मग निम्मा भाव नक्की कशातून काढायचा?

घरचे म्हणतात घेऊन टाक, नाव होईल. मैत्रीण म्हणते अजिबात घेऊ नकोस. मला दोन्ही पटतंय आणि म्हणूनच इथे विचारतेय. घाऊक दर तुम्ही कसा ठरवता, परस्पर व्यवहार करावा का, आणि ही खेळणी दुकानातून लहान मुलांच्या हातात जाणार तर डोळ्यांबद्दल वगैरे काही नियम असतात का? काही पार्सलं परदेशात पाठवायची असंही त्या म्हणाल्यात, त्याचंही कुणी सांगितलंत तर बरं होईल. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

परस्पर व्यवहाराचं आधी सांगते कारण ते सगळ्यात तातडीचं आहे. करू नका. जिथे गिऱ्हाईकानं तुम्हाला साईटवर शोधलंय तिथे व्यवहार बाहेर नेणं हे बहुतेक मार्केटप्लेसच्या नियमात बसत नाही. एट्सीवर (हातानं केलेल्या वस्तूंची मोठी अमेरिकन साईट) तर याला फी चुकवणं म्हणतात आणि त्यापायी दुकान बंद होऊ शकतं. शिवाय उद्या पैसे अडकले किंवा माल मिळालाच नाही असं त्या म्हणाल्या तर मध्ये कुणीच नसतं. त्या बाई प्रामाणिक असतीलही, पण मोठी ऑर्डर, घाई आणि "साईटबाहेर बोलू" हे तिन्ही एकत्र आलं की सावध व्हायचंच, फसवणारे असंच बोलतात. कुणी जास्त रकमेचा चेक पाठवून वरचे पैसे परत मागितले तर तिथेच थांबा, चेक नंतर न वटता परत येतो आणि तुम्ही पाठवलेले पैसे गेलेले असतात.

साईटवरूनच करायचं तर त्यांच्यासाठी वेगळं लिस्टिंग टाका, तीस नगांचा एक सेट म्हणून. पैसे आधी येतील, मग लोकर आणा.

आता कमिशनचं गणित. उदाहरण म्हणून एट्सीचे दर घ्या: लिस्टिंगला २० सेंट, ते चार महिने टिकतं, आणि विक्रीवर ६.५ टक्के (एप्रिल २०२२ च्या आधी ५ होते). हे ६.५ टक्के नुसत्या वस्तूवर नाही, तुम्ही लावलेल्या पोस्टेजवरही कापले जातात, हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. पेमेंट प्रोसेसिंगचं वेगळं, ते देशाप्रमाणे बदलतं. आणि एट्सीनं साईटबाहेर दिलेल्या जाहिरातीवर क्लिक करून कुणी ३० दिवसांत घेतलं तर अजून १५ टक्के. वर्षाची विक्री १०,००० डॉलरच्या आत असलेल्या दुकानाला ही जाहिरात सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते.

आणि कमिशन वरून जोडू नका, भागाकार करा. समजा वस्तूचा खर्च, मजुरी धरून, १०० आहे आणि एकूण कपात २० टक्के. तर १२० लावून चालत नाही, कारण १२० चे २० टक्के २४ होतात आणि हातात ९६ च उरतात. १०० भागिले ०.८ करा, म्हणजे १२५. सुट्या नगात हे चार रुपयांसारखं दिसतं, तीस नगांत चांगलंच जाणवतं.

प्रतिसाद २

मी दुकानांना माल देते (क्रोशे नाही, कापडी पिशव्या), म्हणून घाऊक दराचं बोलते. दुकानदार निम्मा भाव मागतात कारण त्यांना त्यावर दुकानाचं भाडं आणि नफा काढायचा असतो, ती रीतच आहे, त्या बाईंचं त्यात काही चुकलं नाही. पण ती रीत त्याच वस्तूला लागू पडते जिची किरकोळ किंमत मुळात मजुरीसकट सगळ्या खर्चाच्या दुप्पट ठेवलेली असते. तुमच्या किमतीत ती जागा आहे का ते आधी बघा. बहुतेक क्रोशेवाल्यांची नसते, ते सगळे लोकर आणि थोडी मजुरी एवढ्यावरच किंमत लावतात.

नसेल तर सरळ सांगा की सशावर निम्मा भाव होणार नाही. आणि मग दुसरं काहीतरी पुढे करा. छोटा ससा, तळहातात मावेल असा, कान डोक्याबरोबरच विणलेले, म्हणजे जोडकामच नाही. तो अडीच-तीन तासात होत असेल तर त्याला घाऊक भाव देणं जमतं. मी हेच करते, दुकानांसाठी माझे दोन नमुने वेगळेच आहेत, चेन नसलेले आणि अस्तर नसलेले. किंवा विचारा की विक्रीनंतर पैसे, म्हणजे माल त्यांच्याकडे ठेवायचा आणि विकला की वाटणी, असं चालेल का. त्यात तुम्हाला वाटा जास्त मिळतो, पण पैसे उशिरा येतात आणि न विकलेला माल मळून परत येतो, लोकरीच्या वस्तूला तर हात लागून लागून गोळे येतात. मला स्वतःला तो प्रकार नाही आवडत.

एकाच रंगाचे तीस म्हणताय तर लोकरीच्या लेबलवरचा डाय लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना ते बघून एकदम घ्या. वेगळ्या लॉटचा तोच रंग शेजारी ठेवला की फरक उठून दिसतो. आणि महिना कबूल करू नका, दहा-दहाचे तीन हप्ते ठरवा.

प्रतिसाद ३

डोळ्यांबद्दल: लहान बाळाच्या हातात जाणार असतील तर प्लास्टिकचे डोळे लावूच नका, सेफ्टी आय (आतून वॉशरनं अडकवायचे डोळे) असले तरी. क्रोशेच्या टाक्यांमधली फट ताणून मोठी होते आणि डोळा वॉशरसकट बाहेर येऊ शकतो. काळ्या दोऱ्यानं भरा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटू शकणारे बारीक भाग अमेरिकेत चालत नाहीत, तिथे २००८ चा कायदा आहे, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंना तपासणी लागते, छोट्या उत्पादकांना नोंदणी करून त्यात काही सवलत मिळते. युरोपात खेळण्याला सीई खूण लागते, त्यासाठी ईएन ७१ (खेळण्यांच्या सुरक्षेचं तिथलं मानक) प्रमाणे जळणं, ओढणं वगैरे चाचण्या. शिवाय १६ जुलै २०२१ पासून तिथे खेळणी विकायला युरोपातली एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था दाखवावी लागते. खाली "हे खेळणं नाही, शोभेची वस्तू आहे" असं लिहून सुटता येत नाही, ससा दिसायला खेळण्यासारखाच असतो आणि तेच धरलं जातं. तेव्हा परदेशी पार्सलांचं त्या बाईंकडून आधी देशांची नावं घ्या.

अमेरिकेला पाठवायचं असेल तर अजून एक, ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर जी ड्युटी माफ होती ती २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झालीये. ड्युटी कोण भरणार ते लेखी ठरवा, नाहीतर पार्सल दारात जाऊन नाकारलं जातं.

पॅकिंगचं पण बघा, खेळणी हलकी पण फुगलेली असतात आणि कुरियर वजनापेक्षा आकाराचे पैसे घेतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. ३० बाय २५ बाय २० चा खोका म्हणजे ३ किलोचे पैसे, आत ससा ३०० ग्रॅमचा का असेना. तोच आडवा झोपवून ३० बाय २० बाय १० मध्ये बसला तर १.२ किलो.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. भागाकाराचं करून बघितलं, माझ्या किमतीत निम्म्याची जागा नाहीच आहे, म्हणजे त्या भावात ससा देणं म्हणजे जोडकामाचे सगळे तास फुकट देणं. एक गोष्ट बोलायची राहिली होती, ती लिहिते. दुकानात स्वेटर मशीनवर विणलेला मिळतो पण क्रोशे मशीनवर होत नाही, म्हणजे बाजारात जिथे कुठे अगदी स्वस्त क्रोशे दिसतं तिथे कुणीतरी बसून ते हातानंच केलेलं असतं आणि तिला त्याचे फारच कमी पैसे मिळालेले असतात. मी पण तोच भाव लावला तर उद्या त्या बाई दुसऱ्या कुणाला माझा भाव दाखवून अजून खाली मागणार. मला ते नकोय.

तर त्यांना असं कळवतेय: मोठा ससा लोकरीत वाचेल तेवढीच सूट देऊन, दहा-दहाच्या हप्त्यात. किंवा छोटा ससा घाऊक भावात, डोळे दोऱ्याचे. दोन्ही साईटवरूनच, पैसे आधी. परदेशी पार्सलं त्यांनी त्यांच्या नावानं पाठवावीत. छोट्या सशाचा नमुना आज सुरू केलाय, कान डोक्यातूनच काढायचा प्रयत्न आहे पण चौथ्या फेरीनंतर कान पुढे झुकतोय. फायबर कमी भरू की तिथे टाके कमी करू? कुणी एकसंध कान विणले असतील तर सांगा ना.

प्रतिसाद २

मी विणत नाही, पण माझ्या जावेला विचारलं. ती म्हणते कानात फायबर भरूच नको, चपटा राहू दे, आणि कान सुरू होतो तिथल्या फेरीत मागच्या बाजूला दोन टाके घटव, म्हणजे मागून ओढ बसते आणि कान सरळ उभा राहतो. करून बघा आणि सांगा.